हेडफोन निवडताना : भाग ६
ओहमचा आकडा आणि डोंगरीचं मँगनीज

उघड्या आणि बंद पाठीच्या हेडफोनची तुलना या आठवड्यात व्हायची होती. ती पुढच्या भागात होईल, कारण नाकाडोंगरीहून आलेला एक प्रश्न अख्ख्या भागाच्या तोलाचा आहे. भजनी मंडळाची गाणी घरीच लॅपटॉपवर मिक्स करणाऱ्या या वाचकाने बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो घेतला. मोबाइलला जोडून आवाज पूर्ण वाढवला, तरी ढोलक दबकीच ऐकू येते. जुना साधा हेडफोन त्याच मोबाइलवर दणक्यात वाजतो. नव्यात काही बिघाड आहे का?

बिघाड असण्याचं कारण नाही. पेटीवर छापलेला २५० ओहम हा आकडा सगळं सांगतो.

व्होल्टच्या वर्गाला ओहमने भागलं की हेडफोनमधल्या कॉइलला मिळणारी शक्ती निघते. मोबाइलने अर्धा व्होल्ट दिला, तर २५० ओहमच्या कॉइलला १ मिलिवॉट मिळतो आणि ३२ ओहमच्या कॉइलला जवळपास ८. फरक नऊ डेसिबलचा. एका मिलिवॉटला हा हेडफोन सुमारे ९६ डेसिबल आवाज देतो. आकडा मोठा वाटतो, पण तो गाण्यातल्या सर्वांत जोरदार क्षणाचा. मास्टरिंग न झालेल्या भजनाची सरासरी पातळी त्याच्या पंधरा-वीस डेसिबल खाली असते.

मग इतक्या ओहमचे हेडफोन बनवतातच कशाला? स्टुडिओतली उपकरणं घरगुती विजेवर चालत, व्होल्टेजची ददात नसे. तिथे बारीक तारेचे भरपूर वेढे असलेली कॉइल सहज चाले. सेन्हायजरचा १९६८चा एचडी ४१४ तर २००० ओहमचा होता.

चित्र पालटलं ते १ जुलै १९७९ रोजी सोनीचा वॉकमन बाजारात आल्यावर. त्यात दोन पेन्सिल सेल, म्हणजे सगळे मिळून ३ व्होल्ट. या प्रश्नकर्त्याच्या तालुक्याचा संबंध इथेच येतो. साध्या सेलचा दीड व्होल्ट येतो जस्त आणि मँगनीज डायऑक्साइड यांच्या रासायनिक क्रियेतून. आणि तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्ग इथल्या मॉइल कंपनीच्या उघड्या खाणीतून निघणारं मँगनीज डायऑक्साइडचं खनिज ड्राय बॅटरीच्या उद्योगालाच जातं. त्या ३ व्होल्टमध्ये ध्वनिलहरीचा वरचा आणि खालचा झोका दोन्ही बसवायचे, म्हणजे हेडफोनपर्यंत प्रभावी व्होल्टेज फार तर एक पोचणार. एवढ्यात पुरेसा आवाज हवा तर कॉइलचे ओहम कमीच हवेत. खिशातल्या यंत्रांसाठी कमी ओहमचे हेडफोन रुळले ते या गणितामुळे.

म्हणून ‘ओहम जास्त, तितका दर्जा जास्त’ हे दुकानात हमखास ऐकू येणारं वाक्य मनावर घेऊ नये. डीटी ७७० प्रो हे एकच मॉडेल ३२, ८० आणि २५० अशा तीन ओहमांत मिळतं. कित्येक रेकॉर्डिंग स्टुडिओंत वर्षानुवर्षं वापरला जाणारा सोनीचा एमडीआर-७५०६ अवघ्या ६३ ओहमचा आहे. हेडफोन कशाला जोडायचा, एवढंच त्या आकड्यावरून ठरवावं.

मिक्सिंगमध्ये हेडफोनला कमी शक्ती मिळणं फार महाग पडू शकतं. हळू आवाजात माणसाच्या कानाला खर्जातले स्वर मधल्या पट्टीतल्या स्वरांपेक्षा जास्त फिके ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. हेडफोनला पुरेशी शक्ती मिळाली नाही, तर ढोलकची धूम कमी वाटते आणि मिक्स करणारा ती वाढवत जातो. तेच गाणं सप्ताहाच्या मंडपात मोठ्या बॉक्सवर लागलं की धूम घुमत राहते, हार्मोनियम बुडते, शब्द हरवतात.

नाकाडोंगरीच्या वाचकाने हेडफोन परत करू नये. माइक ज्या ऑडिओ इंटरफेसला लावला जातो, त्याच्याच हेडफोन जॅकला तो जोडून पाहावा. इंटरफेस घ्यायचा असेल, तर त्याच्या माहितीपत्रकात २५० किंवा ३०० ओहमला किती मिलिवॉट मिळतात ते वाचावं. काही कंपन्या फक्त ३२ ओहमचा आकडा छापतात, तो इथे उपयोगाचा नाही. २५० ओहमला २५ मिलिवॉट मिळाले, तरी मोबाइलच्या मानाने चौदा डेसिबल जास्त हाती येतात. आवाज मात्र बेताने वाढवावा, कारण तासन्‌तास मोठ्याने ऐकून कानाला झालेली इजा भरून निघत नाही.

डीटी ९९० प्रो उघड्या पाठीचा आहे. तो घालून गायकाने माइकसमोर उभं राहिलं तर काय होतं, तिथूनच पुढचा भाग सुरू होईल.