गळाला लागणारे पक्षी

नामिबिया हा देश आपल्या वृत्तपत्रांत क्वचितच डोकावतो. २०२२ साली तेथून चित्ते आले तेव्हा त्याचे नाव सर्वतोमुखी झाले, तेवढेच. वस्तुतः त्या देशाने आपल्या समुद्रात जे साधले आहे, ते चित्त्यांहूनही अधिक दखल घेण्याजोगे आहे.

तेथील थंड बेंग्वेला प्रवाहात हेक मासा विपुल. तो धरण्यासाठी बोटीवरून मैलोगणती लांबीची, हजारो गळांची दोरी सोडतात. ती बुडण्यापूर्वी काही क्षण आमिष पृष्ठभागाजवळ राहते आणि नेमक्या त्याच क्षणी अल्बट्रॉस व पेट्रेल त्यावर झडप घालतात. गळ अडकला की दोरीबरोबर पक्षीही तळाला! अल्बट्रॉस एका खेपेस एकच अंडे घालतो आणि पिलू वाढवावयास नरमादी दोघेही लागतात. साहजिकच एक बुडाला की पिलाचीही आशा सरते. या दोऱ्यांवर २००९ साली सुमारे बावीस हजार पक्षी मेल्याचा अभ्यासकांचा अंदाज होता. २०१८ साली तो आकडा दोनशेच्या घरात आला.

उपाय पाहावा तर अगदी साधा. बोटीच्या मागील बाजूस उंचावर एक दोर बांधावयाचा आणि त्याला रंगीत पट्ट्या लावावयाच्या. त्यांच्या फडफडीने पक्षी बिचकून दूर राहतात. ही युक्ती मूळची जपानी मच्छीमारांची. जोडीला गळांच्या दोरीस पुरेसे वजन, म्हणजे ती लौकर बुडते. वॉल्व्हिस बे येथील ‘मेमे इतुम्बापो’ हा स्त्रियांचा गट हे दोर तयार करतो. पक्ष्याने आमिष पळविले तर गळ रिकामाच वर येतो, तेव्हा यात तांडेलाचाही स्वार्थ आहेच. तरीही २०१५ साली सक्ती होईपर्यंत हा उपाय सार्वत्रिक झाला नाही, हे विसरता येत नाही.

डॉल्फिनच्या बाबतीत मात्र पट्ट्यांनी भागत नाही. त्याला श्वासासाठी वर यावे लागते. नायलॉनच्या जाळ्यात गुरफटला की तो गुदमरतो. कॅलिफोर्नियाच्या आखातातील व्हाकिटा हा चिमुकला प्राणी अशाच जाळ्यांपायी दहाएकांवर आला आहे. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली एक योजना आणली: संरक्षित जीव सोडविण्यासाठी जाळे कापावे लागल्यास मच्छीमारास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई. निसर्गरक्षणाचा बोजा एकट्या गरिबावर पडू नये, ही त्यामागील दृष्टी निःसंशय न्याय्य आहे. परंतु भरपाई मिळते ती जिवंत सोडलेल्या प्राण्यासाठी. जाळे ओढण्यापूर्वीच मेलेल्या डॉल्फिनला तिचा काय उपयोग?

तेव्हा जाळे कोठे, केव्हा व किती वेळ टाकावे, या प्रश्नाला हात घालावाच लागेल. तो कार्यालयातील आदेशाने सुटणार नाही. दर्याची जाण तांडेलाला आहे आणि जाळ्याच्या हप्त्याची चिंताही त्यालाच. नामिबियात सक्ती २०१५ साली झाली. तत्पूर्वी सात वर्षे, २००८ पासून, माणसे दोर घेऊन तेथील बोटींवर चढत होती.