गाजर गवताची अॅलर्जी : शरीरात काय घडते?

पुणे परिसरात १९५५ च्या सुमारास प्रथम नजरेस आलेले गाजर गवत आज बांध, पडीक रान व उभ्या पिकातही आढळते. पिकाचे नुकसान आपण जाणताच. परंतु खुरपणी करणाऱ्यांना होणाऱ्या त्रासाबाबत गैरसमज फार आहेत. "इतकी वर्षे हातानेच उपटतो, मला काही झाले नाही," हा त्यांतला सर्वांत घातक.

अॅलर्जी म्हणजे विषबाधा नव्हे. रोगजंतूंशी लढणारी शरीराची यंत्रणाच चुकीच्या शत्रूवर तुटून पडते. या गवताच्या बाबतीत ती दोन वेगळ्या मार्गांनी तुटून पडते.

पहिला मार्ग प्रतिपिंडांचा. फुलोऱ्यातील पराग वाऱ्याबरोबर नाकात जातात. काहींच्या शरीरात त्याविरुद्ध 'आयजीई' नावाची प्रतिपिंडे तयार होतात आणि नाकाच्या अस्तरातील मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुन्हा पराग आले की या पेशी फुटल्यासारख्या होऊन हिस्टामीन बाहेर टाकतात. काही मिनिटांतच शिंका, नाक गळणे, डोळ्यांना खाज सुरू होते. धाप लागल्यास किंवा छातीत घरघर झाल्यास मात्र वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

दुसरा मार्ग कातडीचा. यात प्रतिपिंडांचे काम नाही. काम आहे टी पेशी या पांढऱ्या पेशींचे. गवतातील पार्थेनिन हे द्रव्य घामेजल्या कातडीत शिरून तेथील प्रथिनांना चिकटते. कातडीतील पहारेकरी पेशी त्याची खबर काखेतील गाठींपर्यंत नेतात (अवधाण येते त्याच या गाठी). तेथे पार्थेनिन ओळखणाऱ्या टी पेशींची संख्या वाढते. या काळात बाहेरून काहीच दिसत नाही. ही तयारी कोणाची काही आठवड्यांत होते, तर कोणाची अनेक वर्षांच्या संपर्कानंतर. म्हणून आजवर त्रास झाला नाही ही पुढची हमी नव्हे. एकदा तयारी झाली की ती ओळख सहसा आयुष्यभर टिकते.

यानंतर गवताशी संबंध आल्यावर पुरळ उठते ते एक-दोन दिवसांनी, कारण टी पेशी जमायला वेळ लागतो. सोमवारी खुरपणी, बुधवारी खाज! साहजिकच दोष गवताला न जाता मंगळवारच्या फवारणीला किंवा जेवणाला दिला जातो. पापण्या, मान व कोपराच्या लवणीत पुरळ असेल तर गाजर गवताचा संशय घ्यावा. वाळलेल्या गवताची धूळही पुरते.

शिंकांवरील गोळ्या हिस्टामीनला अडवतात. टी पेशींच्या पुरळावर त्यांचा फारसा उपयोग होत नाही. दुकानातून मनाने मलम आणू नये.

गवत फुलोऱ्यापूर्वी, ओल असताना मुळासकट उपटावे. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा वापरावा, तोंडाला रुमाल बांधावा. काम संपताच साबणाने अंग धुवावे व कपडे वेगळे धुवावेत. मजुरांनाही हातमोजे द्यावेत. ज्यांना पुरळ उठले आहे त्यांनी हे काम करूच नये. अशांपैकी काहींना शेवंतीच्या तोडणीतही त्रास होतो, कारण ती याच कुळातील आहे.

खात्रीसाठी त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर अर्काची पट्टी चिकटवतात व दोन दिवसांनी काढून पाहतात. तोवर पाठ भिजवू नये.