ठेव मोडण्यापूर्वी : तोयोसातोच्या शाळेची कथा

बिवा हे जपानमधील सर्वांत मोठे सरोवर. त्याच्या भोवतालच्या प्रदेशाला पूर्वी ओमी म्हणत. आज तो शिगा प्रांत म्हणून ओळखला जातो. हा मुलूख भातशेतीचा, परंतु जपानभर त्याचे नाव झाले ते व्यापाऱ्यांमुळे. खांद्यावर आडवी काठी, तिच्या दोन्ही टोकांना मालाची गाठोडी, अशा थाटात ओमीचे व्यापारी कापड, मच्छरदाण्या आणि औषधे घेऊन दूरदूरच्या प्रांतांत जात. लोटा-दोरी घेऊन परमुलखात गेलेल्या पूर्वजांच्या कथा ज्या घरांत आजही सांगितल्या जातात, त्या घरांना ही माणसे परकी वाटणार नाहीत.

परक्या गावात व्यापार करायचा, तर त्या गावाचा विश्वास हेच खरे भांडवल, हे ओमीच्या पेढ्यांनी लवकर ओळखले. विकणाऱ्याचे भले, घेणाऱ्याचे भले आणि समाजाचेही भले, असे तिहेरी सूत्र त्यांच्या व्यवहारातून पुढे मांडले गेले. जपानमधील अनेक मोठी व्यापारी घराणी याच मातीतून वर आली. तोयोसातो या लहानशा गावातील इतो चुबेई या तरुणाने १८५८ साली कापडाची फेरी सुरू केली. आज जगभर व्यवहार करणाऱ्या इतोचू आणि मारुबेनी या दोन्ही कंपन्या आपला आरंभ त्याच वर्षापासून मोजतात.

एका गुमास्त्याचे दान

याच तोयोसातोत फुरुकावा तेत्सुजिरो यांचा जन्म झाला. गावच्या शाळेत शिकून ते लहान वयातच इतो घराण्याच्या पेढीवर उमेदवारीला गेले. पडेल ते काम करीत ते पायरीपायरीने वर चढले आणि अखेरीस मारुबेनीच्या सर्वोच्च व्यवस्थापकांपैकी एक झाले. पैसा आला, मान आला. परंतु ज्या शाळेत अक्षरओळख झाली, ती शाळा ते विसरले नाहीत. गावाला नवी प्राथमिक शाळा बांधून देण्याचे त्यांनी ठरविले आणि त्यासाठी सुमारे ६ लाख येन दिले. त्या काळी ही रक्कम प्रचंड होती. आपल्या संपत्तीचा सुमारे दोन तृतीयांश भाग त्यांनी या कामी लावला, असे सांगितले जाते.

इमारतीचा आराखडा विल्यम मेरेल व्होरीस यांनी केला. मूळचे अमेरिकेतील असलेले व्होरीस १९०५ साली इंग्रजीचे शिक्षक म्हणून ओमीत आले, तेथेच रमले, वास्तुरचनाकार झाले आणि पुढे त्यांनी जपानचे नागरिकत्व घेतले. त्यांनी तोयोसातोसाठी लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटची शुभ्र इमारत उभी केली. त्या काळी खेडेगावातील बहुतेक शाळा लाकडी असत. येथे मात्र स्वतंत्र सभागृह होते, स्वतंत्र ग्रंथालय होते, वर्गांना मोठ्या खिडक्या होत्या आणि थंडीसाठी वाफेवर चालणारी ऊब देण्याची व्यवस्था होती. १९३७ साली शाळा सुरू झाली, तेव्हा लोक तिला पूर्वेकडील सर्वोत्तम प्राथमिक शाळा म्हणू लागले.

या शाळेचा जिना विशेष प्रसिद्ध आहे. त्याच्या कठड्यावर ससा आणि कासव यांच्या पितळी मूर्ती बसविलेल्या आहेत. तळाशी दोघे एकत्र निघतात. थोडे वर ससा पुढे जातो, आणखी वर तो झोपलेला दिसतो, कासव त्याला मागे टाकते आणि सर्वांत वर पोहोचलेले दिसते ते कासवच. उमेदवार म्हणून सुरुवात केलेल्या दात्याच्या आयुष्याचेच हे सार होते. वर्गाकडे जाणाऱ्या प्रत्येक मुलाचा हात रोज या मूर्तींवरून फिरत असे. शाळा सुरू झाल्यावर अवघ्या तीन वर्षांनी, १९४० साली, फुरुकावांचे निधन झाले.

पाडण्याचा निर्णय

पुढे साठ वर्षे तेथे मुले शिकली. मग १९९५ च्या जानेवारीत कोबे परिसरात महाभूकंप झाला, हजारो माणसे दगावली, आणि जुन्या इमारतींच्या सुरक्षिततेचा प्रश्न साऱ्या जपानपुढे उभा राहिला. त्या देशात भूकंपरोधक बांधकामाचे नवे निकष १९८१ साली लागू झाले होते. तोयोसातोची शाळा त्याहून चव्वेचाळीस वर्षांनी जुनी. जुनी शाळा पाडून तेथेच नवी बांधावी, असे नगराध्यक्षांनी ठरविले. त्यामागील काळजी खोटी नव्हती. लहान मुलांच्या डोक्यावरील छप्पर धोकादायक असेल, तर वारशाचा अभिमान कोणत्या कामाचा?

परंतु इमारत जुनी आहे, एवढ्यावरून ती धोकादायक ठरत नाही. काँक्रीटच्या भिंतींतून नळीच्या आकाराचे नमुने काढून त्यांची ताकद तपासता येते. आतील सळ्या कितपत गंजल्या आहेत ते पाहता येते. आणि जेथे उणीव आढळेल तेथे नव्या भिंती किंवा पोलादी आधार देऊन इमारत मजबूत करता येते. वास्तुशास्त्राच्या जाणकारांनी ही शाळा दुरुस्त होऊ शकते, असे मत दिले. त्यामुळे गावातील अनेक माजी विद्यार्थी आणि रहिवासी एकत्र आले. त्यांचे म्हणणे साधे होते. शाळा गावाला दान म्हणून मिळाली आहे. ती वाचविण्याचे मार्ग नीट तपासल्याखेरीज ती मोडण्याचा अधिकार कोणालाही नाही.

वाद न्यायालयात गेला. डिसेंबर २००२ मध्ये ओत्सु येथील जिल्हा न्यायालयाने पाडकामाला मनाई करणारा आदेश दिला. तरीही दुसऱ्याच दिवशी कामगार शाळेत आले आणि खिडक्यांच्या काचा फुटू लागल्या. रहिवासी, त्यांत पांढऱ्या केसांचे माजी विद्यार्थीही होते, इमारतीत शिरून वाटेत उभे राहिले. दूरचित्रवाणीवर हे दृश्य देशभर दिसले. थोड्याच दिवसांत नगराध्यक्षांनी माघार घेतली : जुनी इमारत राहील, मात्र मुलांसाठी त्याच आवारात नवी शाळा बांधली जाईल.

अर्धे यश

येथे कथा संपली असती तर ती सोपी झाली असती. २००३ च्या मार्चमध्ये मतदारांनी नगराध्यक्षांना पदावरून दूर केले आणि एप्रिलमधील निवडणुकीत त्यांनाच पुन्हा निवडून दिले. गाव दुभंगले होते. नवी शाळा हवी असणाऱ्या पालकांची संख्या थोडी नव्हती, आणि त्यांना गावाचे शत्रू मानणे अन्यायाचे ठरले असते. २००४ साली मुले नव्या इमारतीत गेली. दात्याने ज्यांच्यासाठी वास्तू उभारली, त्यांची पावले तेथून उठली. जुनी इमारत उभी राहिली, पण रिकामी. वाचविलेल्या वास्तूचे पुढे काय करायचे, हा प्रश्न सुटायला आणखी काही वर्षे लागली.

तो सुटला हे तोयोसातोचे खरे श्रेय. इमारतीची डागडुजी आणि मजबुतीकरण करण्यात आले, आणि २००९ साली ती लोकांसाठी पुन्हा उघडली. नगराचे ग्रंथालय तेथे आले, लहान मुलांच्या आई-वडिलांसाठी केंद्र आले, सभागृहात कार्यक्रम होऊ लागले. त्याच वर्षी दूरचित्रवाणीवर शाळकरी मुलींच्या वाद्यवृंदाची ‘के-ऑन’ ही चित्रमालिका गाजली. तिच्यातील शाळा याच इमारतीवरून, कठड्यावरच्या कासवासकट, रेखाटल्याचे प्रेक्षकांनी ओळखले आणि दूरदूरचे तरुण या लहान गावात येऊ लागले. २०१३ साली राष्ट्रीय पातळीवर नोंदणीकृत सांस्कृतिक वारसा म्हणून तिला मान्यता मिळाली. पाडण्याच्या यादीत असलेली वास्तू आता गावाची ओळख आहे.

दान आणि विश्वस्त

व्यापारी माणूस ठेव आणि नफा यांत गल्लत करीत नाही. ठेव दुसऱ्याची असते; ती सांभाळायची असते आणि मागितल्यावर परत करायची असते. समाजाला दिलेली शाळा ही अशीच ठेव आहे. दात्याने ती दिली, तेव्हाच ती त्याची राहिली नाही. आणि जे तिचा कारभार पाहतात, त्यांचीही ती कधी होत नाही. ती येणाऱ्या मुलांची असते.

महाराष्ट्रातही व्यापाऱ्यांच्या दानातून उभी राहिलेली विद्यालये, वसतिगृहे आणि ग्रंथालये गावोगावी आहेत. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभारलेला आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव धारण करणारा मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर १८७८ साली पूर्ण झाला. काळाने झिजलेल्या या वास्तूचे जीर्णोद्धाराचे काम २०१५ साली पूर्ण झाले आणि मनोरा पुन्हा दिमाखात उभा राहिला. प्रत्येक दगडी शाळेच्या वाट्याला असे भाग्य येत नाही. भूखंडाची किंमत वाढली की पाडकामाचा प्रस्ताव येतो, आणि त्यासोबत ‘इमारत जुनी झाली’ हे वाक्यही येते.

अशा वेळी विश्वस्तांनी सही करण्यापूर्वी काही गोष्टी मागून घेणे हे त्यांचे कर्तव्य ठरते. तपासणी करणाऱ्या अभियंत्याचा पाडकामाशी आर्थिक संबंध नसावा. ‘इमारत धोकादायक आहे का’ या प्रश्नाबरोबरच ‘ती सुरक्षित करण्यास काय लागेल आणि किती खर्च येईल’ याचेही लेखी उत्तर असावे. मूळ दानपत्र काढून त्यातील अटी वाचल्या जाव्यात. माजी विद्यार्थ्यांना निर्णयाआधी कळवावे, नंतर नव्हे. आणि इमारत राखायची ठरली, तर तिचा रोजचा उपयोग काय होणार हेही त्याच बैठकीत ठरावे. कारण कुलूप लावून राखलेली शाळा सावकाश पण निश्चितपणे ढासळते.

एवढे करूनही कधी पाडकाम अटळ ठरेल. मुलांच्या जिवापुढे दगडविटांचे मोल नाही. परंतु ते अटळ आहे हे हिशेबाने सिद्ध झालेले असावे, घाईने नव्हे. तोयोसातोच्या वृद्ध माजी विद्यार्थ्यांनी फुटलेल्या काचांमध्ये उभे राहून मागितला होता, तो एवढाच हिशेब.