उतार आणि मधुपेट्या

लॉस एंजेलिस शहराच्या पाठीशी सांता मोनिका डोंगरांची जी रांग उभी आहे, तिच्या उतारांवर दुसऱ्या महायुद्धानंतर बंगले बांधण्याची अशी अहमहमिका लागली की, माथा कापायचा, निघालेली माती शेजारच्या घळीत लोटायची आणि त्या सैल भरावावरच घराचा पाया घालायचा, हा रिवाजच होऊन बसला. 1952 च्या जानेवारीतील मुसळधार पावसाने त्या रिवाजाची किंमत पुरेपूर वसूल केली. त्याच वर्षी नगरपरिषदेने डोंगरकापणीचा कायदा केला. अमेरिकेतील शहरांत तो पहिलाच. भराव थराथराने दाबून बसवावा, पाण्याला वाट काढून द्यावी आणि परवान्याखेरीज उताराला हात लावू नये, असा त्याचा रोख. 1963 मध्ये तो अधिक कडक झाला आणि भूस्तरशास्त्रज्ञाच्या तपासणीलाही त्यात स्थान मिळाले.

मधमाशांच्या बाबतीत मात्र याच शहराने नको तितकी खबरदारी घेतली होती. माशा फळांची नासाडी करतात, या भ्रामक समजुतीपायी 1879 मध्ये वस्तीत त्या पाळण्यास झालेली मनाई (वास्तविक कित्येक झाडांना फळ धरते ते त्यांच्याच कृपेने!) 2015 पर्यंत टिकली. आता स्वतंत्र घराच्या परसात दर 2,500 चौरस फुटांस एक पेटी ठेवण्याची मुभा आहे. जवळ पाणी ठेवावे लागते, म्हणजे माशा शेजाऱ्याच्या नळाकडे धाव घेत नाहीत. आणि पेटीपुढे 6 फूट उंचीची भिंत वा झुडपांचा आडोसा असला, की दारातून निघालेली माशी तो ओलांडण्यासाठी सरळ वर चढते आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या डोक्यांवरून निघून जाते.