बोट सोसेल इतकं कोमट

विरजण लावण्यासाठी दूध किती गरम हवं, हे आमच्या घरी कधी अंशांत सांगितलं गेलं नाही. करंगळी बुडवायची, दहापर्यंत आकडे मोजायचे, आणि मोजताना तोंड वाकडं झालं नाही तर दूध तयार. आजीची करंगळी कामानं निबर झालेली, त्यामुळे तिचं कोमट मला चटका द्यायचं. पुढे हौसेनं एकदा दोन्ही कोमटांत थर्मामीटर बुडवून पाहिला. तिचं निघालं 43 अंश सेल्सिअस, माझं 38. दही दोन्हींत लागलं, पण तिचं बरंच आधी.

शाळेत विज्ञानाच्या तीन वाटण्या होतात: भौतिक, रसायन आणि जीव. उष्णता एका पाठात, आम्ल दुसऱ्यात आणि जीवाणू तिसऱ्यात. दुधाच्या पातेल्याला ही वाटणी ठाऊक नसते. दूध तापवण्यापासून तूप कढवण्यापर्यंतचा घरातला नेहमीचा क्रम नीट पाहिला, तर या तिन्ही वह्या एकदमच उघडाव्या लागतात.

आधी दूध म्हणजे काय ते पाहू. गायीच्या दुधात साधारण 87 टक्के पाणीच असतं, आणि यात गवळ्याचा काही हात नाही. उरलेल्या भागातली दुग्धशर्करा आणि काही क्षार पाण्यात विरघळलेले असतात. स्निग्धांश आणि केसीन नावाचं प्रथिन मात्र विरघळत नाहीत. ते बारीक कणांच्या रूपात पाण्यात तरंगत राहतात. स्निग्धांशाचे थेंब काही मायक्रोमीटरचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या पटीतले. केसीनचे पुंजके त्याहूनही कितीतरी लहान. या कणांवर आदळून प्रकाश सगळ्या दिशांना विखुरतो, म्हणून दूध पांढरं दिसतं. असं मिश्रण म्हणजे पुस्तकातलं कलिल.

तेल आणि पाणी बाटलीत कितीही हलवलं तरी थोड्या वेळानं वेगळं होतं. दुधातलं तूप तसं वेगळं का होत नाही? कारण प्रत्येक थेंबाभोवती एक पातळ पापुद्रा असतो. गायीच्या कासेतल्या पेशीतून हा थेंब बाहेर पडतो तेव्हा त्या पेशीच्या पटलाचाच एक तुकडा पांघरून येतो. पेशीपटल आपण जीवशास्त्रात शिकतो आणि तिथेच सोडून देतो. इथे ते पेल्याच्या तळापर्यंत आपल्यासोबत असतं. केसीनच्या पुंजक्यांची युक्ती निराळी आहे. त्या सगळ्यांवर ऋण प्रभार असतो, आणि सारखे प्रभार एकमेकांना दूर ढकलतात. म्हणजे दुधाला दूध म्हणून टिकवणाऱ्या दोन गोष्टी झाल्या, पापुद्रा आणि प्रभार. पुढची सगळी गंमत या दोन्ही गाठी एकेक करून सोडवण्याची आहे.

आता दूध तापवू. पाणी उकळताना उतू जात नाही आणि दूध मात्र पाठ फिरवताच जातं, याचं कारण वरचा पडदा. तापताना पृष्ठभागावर प्रथिनं आणि स्निग्धांश मिळून एक पातळ थर धरतात. खालून वाफेचे बुडबुडे येतात, पण त्यांना फुटून बाहेर पडायला वाट मिळत नाही. मग फेस पडद्यासकट वर चढत जातो. पातेल्यात उलथनं उभं ठेवलं तर वाफेला निसटायला एक फट मिळते. उपाय खात्रीचा नाही, पण थोडी सवड देतो.

हेच दूध गार होताना साय धरते. स्निग्धांशाची घनता पाण्याहून कमी असल्यामुळे थेंब हळूहळू वर येतात. किती हळू, हे थेंबाच्या व्यासाच्या वर्गावर ठरतं: व्यास चौथाई झाला तर वर चढण्याचा वेग सोळाव्या हिश्शावर येतो. काही पिशव्यांच्या दुधावर जाड साय येत नाही, म्हणून लोक भेसळीचा संशय घेतात. पुष्कळदा कारण एवढंच असतं की डेअरीत ते दूध मोठ्या दाबानं बारीक छिद्रांतून काढून थेंब आणखी लहान केलेले असतात. स्निग्धांश असतो तितकाच, पण वर यायला त्या थेंबांना फुरसत मिळत नाही.

दूध तापवण्याचा आणखी एक उपयोग आहे, तो दही खाताना कळतो. 80 अंशांच्या वर गेल्यावर दुधातली दुसरी प्रथिनं, जी एरवी पाण्यात सुखानं विरघळलेली असतात, उलगडतात आणि केसीनच्या पुंजक्यांना जाऊन चिकटतात. त्यामुळे पुढे विणली जाणारी जाळी भक्कम होते. नीट न तापवलेल्या दुधाचं दही लिबलिबीत होतं त्याचं एक कारण हे. म्हशीच्या दुधात मुळात प्रथिनं आणि स्निग्धांश दोन्ही जास्त, म्हणून कवडी दही हवं असेल तर म्हशीचंच दूध घ्यावं असं मला वाटतं. ज्यांना अदमुरं आवडतं त्यांच्याशी माझं भांडण नाही.

मग विरजण. चमचाभर जुनं दही म्हणजे कोट्यवधी जीवाणूंची वस्ती. लॅक्टोबॅसिलस, लॅक्टोकोकस, स्ट्रेप्टोकोकस अशा कुळांतले हे जीवाणू दुग्धशर्करेचे आधी दोन तुकडे करतात, ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज. मग ग्लुकोजच्या एका रेणूपासून लॅक्टिक आम्लाचे दोन रेणू तयार होतात. हिशेब चोख आहे: ग्लुकोजमध्ये 6 कार्बन, 12 हायड्रोजन आणि 6 ऑक्सिजन, लॅक्टिक आम्लात बरोबर त्याच्या निम्मे. काही वाया जात नाही आणि वायूही सुटत नाही. म्हणून इडलीचं पीठ फुगतं तसं दही फुगत नाही. दह्यात बुडबुडे आणि भोकं दिसली तर समजावं की दुसरे कुणी पाहुणे आत शिरलेत.

या सगळ्या खटाटोपातून जीवाणूला ग्लुकोजच्या रेणूमागे मिळतात जेमतेम 2 एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू. ऑक्सिजनसह पूर्ण श्वसन झालं असतं तर कितीतरी पट ऊर्जा मिळाली असती. पण ऑक्सिजनवाचून काम भागतं, हा इथला फायदा. बससाठी जिवाच्या आकांतानं धावताना आपले स्नायूही हाच मार्ग धरतात आणि हेच आम्ल बनवतात.

रसायनशास्त्राला हे आम्ल आधी सापडलं आणि ते बनवणारा जीव बऱ्याच उशिरा. कार्ल शेले यानं 1780 मध्ये आंबट दुधातून लॅक्टिक आम्ल वेगळं केलं. ते सजीवांचं काम आहे, हे लुई पाश्चरनं मांडलं 1857 मध्ये. आणि शस्त्रक्रियेत जंतुनाशकं आणणारा जोसेफ लिस्टर, त्यानं 1870च्या दशकात दूध आंबवणारा जीवाणू एकटा वेगळा काढून दाखवला. आपल्याकडे शेजारणीकडून वाटीभर विरजण मागून आणण्याची रीत यातल्या कुणाचीही वाट पाहत थांबली नव्हती.

आता आजीच्या करंगळीकडे परत येऊ. जीवाणूंचं काम विकरांवर चालतं, आणि विकरांना ठरावीक तापमान लागतं. 30 ते 45 अंशांच्या दरम्यान ते झपाट्यानं वाढतात. उकळत्या दुधात विरजण टाकलं तर ते मरतात, फ्रिजच्या दुधात टाकलं तर गारठून बसतात. अनुकूल उबेत अर्ध्या तासाला एक पिढी धरली, तर सहा तासांत 12 पिढ्या होतात, म्हणजे एकाचे 4096. सुरुवातीचे तास काहीच घडल्यासारखं दिसत नाही आणि मग तासाभरात दही लागतं, ते या गुणाकारामुळे. पुण्यात डिसेंबरच्या रात्री पारा दहा-बारावर उतरतो तेव्हा पातेलं शालीत गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवतात. शाल ऊब देत नाही. तिच्या धाग्यांत आणि पिठाच्या कणांत अडकलेली हवा उष्णतेची दुर्वाहक असते, ती आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही, इतकंच.

आम्ल वाढत जातं तसा दुधाचा सामू, म्हणजे पीएच, साधारण 6.6 वरून उतरू लागतो. 4.6 पर्यंत आला की केसीनची पहिली गाठ सुटते. आकडा दोननंच घटला, पण ही मोजपट्टी दहाच्या पटीची आहे: हायड्रोजन आयन शंभर पटींनी वाढलेले असतात. हे धन आयन केसीनवरचा ऋण प्रभार फेडून टाकतात. एकमेकांना ढकलणारे पुंजके आता एकमेकांना चिकटतात, त्यांच्या साखळ्या होतात, साखळ्यांची जाळी होते, आणि सगळं पाणी त्या जाळीत अडकून बसतं. लिटरभर दुधाचं जवळजवळ लिटरभरच दही होतं. घट्टपणा पाणी गेल्यामुळे आलेला नसतो, पाणी कोंडलं गेल्यामुळे आलेला असतो. म्हणून लागत असलेलं दही हलवू नये. जाळी तुटली की कोंडलेलं पाणी मोकळं होतं, वरती पिवळसर-हिरवट निवळी दिसते. तो रंग रायबोफ्लेविनचा, म्हणजे ब-2 जीवनसत्त्वाचा, तेव्हा ती ओतून टाकू नये.

गरम दुधात लिंबू पिळलं तरी प्रभार जातोच की! मग तिथे दही का होत नाही, दूध नासतं का? फरक घाईचा आहे. लिंबाचं आम्ल एका क्षणात येतं, तेही गरम दुधात. पुंजके सापडेल त्याला मिठी मारतात आणि घट्ट गोळे करून खाली बसतात. पाणी वेगळं, पनीर वेगळं. जीवाणू मात्र थेंबाथेंबानं आम्ल सोडतात, त्यामुळे जाळी विणायला वेळ मिळतो. विरजण जास्त घातलं की दही लवकर होतं पण आंबट आणि सैल होतं, तेही यामुळेच. (एखाद्याच्या उत्साहावर विरजण पडलं असं आपण म्हणतो, ते मला कधी पटलेलं नाही. इतकी मेहनत करून वस्तू टिकाऊ करणाऱ्यावर हा अन्यायच आहे.)

हे आम्ल भांड्यालाही सोडत नाही. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात दही कळकतं, म्हणजे आम्ल आणि हवेतला ऑक्सिजन मिळून तांब्याचे क्षार दह्यात उतरतात, चव बिघडते आणि पोटाला बाधतं. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. तो मध्ये असेपर्यंत आम्लाची तांब्याशी गाठ पडत नाही. काच, चिनी माती आणि स्टीलच्या भांड्यांत ही चिंता नाही.

आता दुसरी गाठ, पापुद्र्याची. आठवडाभराची विरजलेली साय आपण घुसळतो तेव्हा रवीच्या, किंवा आता मिक्सरच्या, फटक्यांनी हवा आत शिरते. स्निग्धांशाचे थेंब हवेच्या बुडबुड्यांवर गोळा होतात, एकमेकांवर आदळतात, पापुद्रे फाटतात आणि आतली चरबी एकत्र येते. आधी पाण्यात तेलाचे थेंब होते. आता तेलात पाण्याचे थेंब होतात. हा उलटफेर अचानक होतो आणि कानाला कळतो. घुसळण्याचा आवाज जड होता होता एकदम पाणचट होतो, कारण लोण्याचा गोळा सुटून ताक वेगळं पडलेलं असतं. फाटलेले पापुद्रे बहुतेक ताकात जातात.

इथेही तापमानच राज्य करतं. लोण्यातली चरबी एकाच तापमानाला वितळत नाही, कारण ती अनेक प्रकारच्या मेदांचं मिश्रण आहे. पंधरा अंशांच्या आसपास तिचा काही भाग घन आणि काही द्रव असतो. घन स्फटिक पापुद्रा फाडतात, द्रव भाग थेंबांना चिकटवतो. दोन्ही हवेत. म्हणूनच उन्हाळ्यात घुसळताना बर्फाचे खडे घालतात, थंडीत कोमट पाणी. माझं लोणी मे महिन्यात एकदा आलंच नाही. मिक्सर तापेपर्यंत फिरवलं आणि वाडगाभर तेलकट फेस हाती लागला.

लोण्यात अजून पाणी असतं, बाजारच्या लोण्यातसुद्धा 16 टक्क्यांपर्यंत. कढवणं म्हणजे ते घालवणं. लोणी वितळतं आणि तडतड सुरू होते, कारण चरबीत अडकलेला पाण्याचा थेंब वाफ होताना सुमारे सतराशे पट फुगतो. ही तडतड चालू असेपर्यंत आच कितीही लावली तरी तापमान शंभराच्या आसपासच रेंगाळतं. प्रत्येक ग्रॅम पाणी वाफ होताना 540 कॅलरी उष्णता गिळतं. हाच अप्रकट उष्मा. आवाज थांबला की सावध व्हावं. आता उष्णता गिळणारं कुणी उरलेलं नसतं, पारा भराभर चढतो, आणि तळाशी बसलेली प्रथिनं आणि दुग्धशर्करा एकमेकांशी क्रिया करून तपकिरी होतात. तुपाचा खमंग वास येतो तो त्यातून. आणखी दोन मिनिटं विसरलात तर त्याच क्रियेतून करपट वास येईल. पाणी जवळजवळ सगळं गेल्यामुळे जीवाणूंना वाढायला जागा राहत नाही, म्हणून तूप महिनोन्महिने बाहेर राहतं.

गाळलेलं तूप रवाळ हवं असेल तर गार होताना घाई करू नये. हळू निवताना स्फटिक थोडेच धरतात पण मोठे होतात. फ्रिजमध्ये ढकललं तर असंख्य बारीक स्फटिक होऊन ते गुळगुळीत थिजतं. तूप ओट्यावर निवत असतं तेव्हा गाळणीत बेरी उरलेली असते. तीत चमचाभर साखर घालायची आणि कुणी मागायच्या आत संपवायची.