एड-टेकमध्ये पीएचडी करायची आहे?

नांदे (ता. मुळशी) गावाला लागूनच लवळे, तिथे सिम्बायोसिस आणि फ्लेम ही दोन विद्यापीठं. पण शैक्षणिक तंत्रज्ञान हाच मुख्य विषय हवा असेल, तर आधी मुंबईकडे पाहावं लागतं.

▪ कुठे? आयआयटी मुंबईत 2010 मध्ये या विषयाचा आंतरविद्याशाखीय पीएचडी कार्यक्रम सुरू झाला. विज्ञानशिक्षणातल्या संशोधनासाठी मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र (स्थापना 1974) आहे.

▪ संशोधन कसलं? नुसतं अ‍ॅप बनवणं म्हणजे पीएचडी नव्हे. विद्यार्थी सिम्युलेशनमध्ये कुठे अडतो, उत्तर ठोकून देतो की विचार करून बदलतो, हे संगणकातल्या नोंदी आणि मुलाखतींवरून तपासायचं. मग साधन सुधारून पुन्हा वर्गात न्यायचं.

▪ किती वर्षं? विद्यापीठांत यूजीसीचे 2022 चे नियम लागू: किमान 3, कमाल 6 वर्षं. महिलांना 2 वर्षांची जादा सवलत मिळू शकते. आयआयटीचे नियम वेगळे.

▪ कोर्सवर्क : किमान 12 क्रेडिट. संशोधनातली नीतिमत्ता हा विषय सक्तीचा.

▪ मार्गदर्शक : एका वेळी प्राध्यापकाकडे 8, सहयोगी प्राध्यापकाकडे 6, सहायक प्राध्यापकाकडे 4 विद्यार्थी, याहून जास्त नाहीत.

अर्ज भरण्याआधी मार्गदर्शकाचे अलीकडचे शोधनिबंध वाचा आणि त्यांच्याकडे जागा रिकामी आहे का, ते विचारून घ्या.