सिनेमा पाहिलात? मग आता बोला!

खरं सांगा, शेवटचा सिनेमा पाहून घरी आल्यावर तुम्ही काय म्हणालात? "बरा होता." बस्स, एवढंच ना? मग पदर खोचला, कुकर लावला, उद्याच्या डब्याची भाजी निवडायला घेतली. तोवर बाहेरच्या खोलीत यजमानांनी जाहीर केलं होतं की मध्यंतरानंतर दिग्दर्शकाचा तोल गेला. चिरंजीवांनी मोबाइलवर बघून कुणी किती तारे दिले ते सांगून टाकलं. तुमचं मत कुणी विचारलं नाही आणि तुम्हीही ते सांगायला गेला नाहीत. पण भाजी निवडता निवडता डोक्यात काहीतरी घोळत होतं, हे मात्र नक्की.

ते घोळणारं जे असतं ना, त्याबद्दलच आज बोलायचं आहे.

आमच्या कर्वेनगरात आम्ही नऊ जणी महिन्यातून एक दुपार जमतो. पूर्वी याच दुपारी भिशी असायची. पैसे काढायचे, चिठ्ठी उचलायची, बटाटेवडे खायचे आणि कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलून उठायचं. भिशी मोडली, पण दुपार मोकळी झाली होती, ती सोडवेना. मग एकीने सुचवलं, सगळ्यांनी महिन्यात एकच सिनेमा पाहायचा. कुणी कोथरूडच्या सिटी प्राइडला जाऊन पाहावा, कुणी घरी टीव्हीवर, कुणी रात्री सगळे झोपल्यावर मोबाइलवर. आणि ठरल्या दिवशी त्यावर बोलायचं. नियम एकच: गोष्ट सांगायची नाही. गोष्ट सगळ्यांनी पाहिलेली असते. आपल्याला कुठे टोचलं, तेवढं सांगायचं.

तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं? आम्हालाही पहिल्या दोन महिन्यांत तसंच वाटलं. सगळ्यांचं "छान होता", "गाणी चांगली होती", "तिच्या साड्या काय सुंदर होत्या" यापलीकडे जाईना. 'बाईपण भारी देवा' हा केदार शिंदे यांचा सिनेमा ३० जून २०२३ ला लागला, तेव्हा तर बायकांनी थिएटरं भरून टाकली होती, आठवतंय ना? नऊवारी नेसून, नथी घालून, कॉलनीच्या कॉलनी जात होती. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा, आणि प्रत्येकीच्या मनात साठलेलं काही ना काही. बाहेर येताना सगळ्यांचे डोळे ओले. पण त्या सहांपैकी आपण कोण, हे किती जणींनी एकमेकींना सांगितलं? फोटो मात्र भरपूर काढले!

आमची गाडी खरी रुळावर आली ती 'नाच गं घुमा'मुळे. परेश मोकाशींचा हा सिनेमा १ मे २०२४ ला, म्हणजे मुद्दाम कामगारदिनीच आला. नोकरी करणारी राणी आणि तिच्याकडे घरकाम करणारी आशाताई. मुक्ता बर्वे आणि नम्रता संभेराव. आशाताईला उशीर होतो, राणीचा पारा चढतो, पुढचं तुम्ही पाहिलंच असेल. आमच्या बैठकीत पहिला अर्धा तास जो तो आपल्या बाईचे खाडे मोजत होता. लग्नसराईतले खाडे, गणपतीतले खाडे, "गावाला सासू गेली" ही सासू किती वेळा गेली त्याचे हिशेब. हसून हसून पुरेवाट.

एक जण मात्र गप्प होती. एरवीही ती कमीच बोलते. शेवटी म्हणाली, "मी आमच्या मावशींना सिनेमाला घेऊन गेले होते." शेजारी शेजारी बसून पाहिला म्हणे. आणि तिच्या लक्षात आलं की मावशी भलत्याच जागी हसत होत्या. सगळं थिएटर हसायचं तेव्हा त्या गंभीर, आणि त्या खुदकन हसायच्या तेव्हा बाकीचे गप्प. परत येताना रिक्षात तिने विचारलं, कसा वाटला? मावशी म्हणाल्या, "चांगला हाये. पण आशाताई लई बोलती बाई. आम्ही ते सगळं मनात बोलतो."

आमच्याकडे कोणीच काही बोललं नाही. मग त्याच बाईने विचारलं, आपल्यापैकी किती जणींकडे बाईला महिन्याच्या ठरलेल्या पगारी सुट्ट्या आहेत? मागून घेतलेल्या नव्हेत, आधी ठरवून दिलेल्या. नऊ जणींत दोघींचे हात वर गेले. बाकीच्या चहाच्या कपात बघत होत्या. पुढच्या बैठकीपर्यंत आणखी चौघींनी दर रविवारची सुट्टी ठरवून दिली. एकीच्या घरी त्यावरून कुरकुर झाली, "रविवारीच तर पाहुणे येतात." ती म्हणाली, पाहुण्यांनी आपली ताटं उचलावीत. तिचं घर अजून जागेवर आहे, काळजी नको!

हे सांगताना सुमित्रा भावे यांची आठवण होते. आपल्या कर्वेनगरशी त्यांचं नातं फार जुनं. सिनेमाकडे वळण्यापूर्वी त्या इथल्या कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवत असत. वस्तीत राहणाऱ्या, कष्ट करणाऱ्या बायकांच्या आयुष्याचा अभ्यास करता करता त्या कॅमेऱ्याकडे आल्या. अभ्यासाचा जाडजूड अहवाल ज्या बाईवर लिहिला तिलाच वाचता येत नसेल, तर तो कुणासाठी? सिनेमा मात्र ती पाहू शकते आणि "असं नाही हो, असं होतं" म्हणू शकते. १९८५ साली त्यांची 'बाई' ही छोटी फिल्म आली, तिला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पुढे सुनील सुकथनकरांच्या बरोबरीने 'दोघी', 'वास्तुपुरुष', 'देवराई', 'नितळ', 'अस्तु' आणि सुवर्णकमळ मिळवणारा 'कासव'. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. घरकाम करणारी बाई पडद्यावर आली की तिच्याकडून काही ऐकायचं असतं, हे चाळीस वर्षांपूर्वी आपल्याच शेजारातल्या एका बाईंनी ओळखलं होतं.

'अस्तु'चा विषय निघालाच आहे तर तो महिना सांगायलाच हवा. विसरण्याच्या आजाराने ग्रासलेले संस्कृतचे पंडित चक्रपाणी शास्त्री. मोहन आगाशे यांनी ते काम केलं आहे. लेकीची नजर चुकते आणि ते एका हत्तीच्या मागे चालत निघून जातात. कुठली कोण ती हत्तीवाल्याची बायको, तिला त्यांची भाषाही धड येत नाही, पण ती त्यांना लेकरासारखं सांभाळते. ती झालेल्या अमृता सुभाष यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आमच्यातली एक जण हा सिनेमा अर्ध्यावर बंद करून आली होती. तिच्या सासूबाई चार वर्षं तशाच आहेत. दिवसातून दहादा विचारतात, "तू कोण गं?" ती म्हणाली, "हत्तीवाल्याची बायको गोड आहे, मान्य. पण तिच्याकडे ते एकच दिवस होते. मला रोज आहे. मला त्या लेकीचा राग नाही आला, मला तिच्याकडे जाऊन बसावंसं वाटलं."

हे वाक्य तिने घरी कधीच उच्चारलं नसतं. घरी ती "किती करते हो सासूचं" म्हणून कौतुकाची धनीण आहे. त्या दुपारी तिने पहिल्यांदा म्हटलं की थकले. सिनेमाचं निमित्त होतं म्हणून म्हणता आलं. पडद्यावरच्या लेकीबद्दल बोलत असल्यासारखं बोलता आलं. आता आमच्यातल्या दोघी आळीपाळीने बुधवारी दुपारी तिच्या घरी जाऊन बसतात आणि ती बाहेर पडते. कुठे जाते ते आम्ही विचारत नाही.

सगळेच महिने असे जड नसतात, बरं का! 'लापता लेडीज'ला आम्ही नुसत्या खिदळत होतो. आगगाडीत घुंगटामुळे नवऱ्या बदलल्या हे ऐकून एका आजींनी आपल्या लग्नातली गोष्ट सांगितली, ती इथे छापण्यासारखी नाही.

पण 'मिसेस'ने भांडण लावलं. २०२१ साली मल्याळम भाषेत 'द ग्रेट इंडियन किचन' नावाचा सिनेमा आला होता, जिओ बेबी या दिग्दर्शकाचा. त्यावरून आरती कडव यांनी हिंदीत केलेला 'मिसेस' फेब्रुवारी २०२५ मध्ये झी फाइव्हवर आला. नवी सून, स्वयंपाकघर, गळणारं सिंक, पाट्यावर वाटलेल्याच चटणीचा आग्रह धरणारे सासरे. मारहाण नाही, शिवीगाळ नाही, सगळं कसं गोड आवाजात. आमच्यातल्या तरुण मुली पेटल्या होत्या. सुनेने शेवटी घर सोडलं ते उत्तमच केलं, आधीच सोडायला हवं होतं. बहात्तर वर्षांच्या एक काकू आमच्यात आहेत, त्यांची सूनही येते. काकू म्हणाल्या, "एवढं काय त्यात? आम्ही जन्मभर वाटलं पाट्यावर." झालं! सुनेचा चेहरा उतरला, बाकीच्या काकूंवर तुटून पडल्या.

काकूंनी सगळ्यांना बोलू दिलं. मग म्हणाल्या, "माझं अर्धंच ऐकलंत. सून गेली, शिकलेली होती, तिला नाच येत होता, ती जाऊ शकली. त्या घरात एक सासूसुद्धा होती. पहाटेपासून राबणारी, सुनेशी प्रेमाने वागणारी. लेकीच्या बाळंतपणाला गेली तर तिथेही स्वयंपाकघरच. ती कुठे जाणार, याबद्दल तुम्ही कुणीच बोलला नाहीत."

माझ्या मते त्या सिनेमावर मी ऐकलेलं सर्वांत नेमकं मत हेच. वर्तमानपत्रातल्या परीक्षणांत मला ते दिसलं नाही.

अर्थात अशी भांडणं आजची नाहीत. 'उंबरठा' १९८२ साली आला तेव्हा घराघरांत हाच वाद झाला होता. जब्बार पटेलांचा सिनेमा, शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरचा. स्मिता पाटीलची सुलभा लहान मुलगी घरी ठेवून महिलाश्रमाच्या नोकरीवर जाते. "आईने असं करावं का?" या प्रश्नावर तेव्हा मैत्रिणी मैत्रिणींत अबोले झालेले मला ठाऊक आहेत. मजा अशी की नवऱ्याने बाहेर संबंध ठेवावेत का, यावर तेवढा वाद झाल्याचं आठवत नाही.

आणि त्याही आधी, १९३७ साली 'कुंकू'. हा तर आपल्या पुण्याचाच, प्रभातचा. प्रभातची ती जागा म्हणजेच आजची लॉ कॉलेज रस्त्यावरची फिल्म इन्स्टिट्यूट, इथून रिक्षाने जाण्याइतकी जवळ. फसवून म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधलेली नीरा त्याला नवरा मानायला नकार देते. शांता आपटे यांनी ती काय ठसक्यात केली आहे! ज्या महर्षी कर्व्यांच्या नावावरून आपल्या भागाला नाव मिळालं, त्यांनी १८९३ साली विधवेशी विवाह केला आणि नंतर इथे हिंगण्याच्या माळावर अनाथ बालिकांसाठी, विधवांसाठी आश्रम चालवला. ते तेव्हा हयात होते. जरठ-बाला विवाह हा त्या काळी पडद्यापुरता विषय नव्हता. (त्यांच्या चिरंजीवांवर, रघुनाथरावांवर, अमोल पालेकरांनी २००१ साली 'ध्यासपर्व' केला. मिळाला तर जरूर पाहा, घरात बोलायला चार दिवस पुरेल!)

आता तुमच्या मनात आलं असेल की आपणही असं काही करावं, तर दोन-चार अनुभवाच्या गोष्टी. खाणं साधं ठेवा. चिवडा आणि चहा, फार तर एखादा लाडू. आम्ही सुरुवातीला इडली-चटणी, ढोकळे असे घाट घालत होतो. परिणाम असा की जिच्या घरी बैठक ती स्वयंपाकघरातच, तिला सिनेमावर बोलायला मिळायचंच नाही. वेळ दुपारी अडीच ते साडेचार; मुलं शाळा-क्लासमधून यायच्या आत उठता येतं. प्रत्येक कंपूत एक मोठ्या आवाजाची असतेच. तिला शेवटी बोलायला सांगा, आधी नव्हे. एखादीने सिनेमा पाहिलाच नसेल तरी तिला येऊ द्या, पण मग तिने ऐकायचं. आणि कुणी मन मोकळं केलं तर ते त्या खोलीतच राहू द्या. भिशीतल्या बातम्या संध्याकाळपर्यंत कॉलनीभर व्हायच्या, तशा या होऊ लागल्या तर पुढच्या महिन्यात पुन्हा साड्यांवरच बोलणं येईल.

घरी मुलांबरोबर पाहणार असाल तर आधी प्रमाणपत्र बघा. २०२४ च्या नव्या नियमांपासून 'यूए'चे तीन भाग झाले आहेत: सात वर्षांवरील, तेरा वर्षांवरील आणि सोळा वर्षांवरील. आपण नुसतं 'यूए' वाचून पोरांना घेऊन बसतो आणि मग रिमोट शोधत राहतो.

आमचा पुढचा सिनेमा 'कुंकू'च ठरला आहे. त्या बैठकीला नवऱ्यांना बोलवावं का, यावर मात्र एकमत होईना. काकू म्हणाल्या बोलवा, त्यांच्या सूनबाई म्हणाल्या मुळीच नको. मतं घेतली तेव्हा चार विरुद्ध पाच पडली. नवरे येणार नाहीत. पण चिवडा तेच करून देणार आहेत, असं तिघींच्या घरून कळलं आहे.